चुंबकाची चाहूल घेणारा ठिपका

व्हीसीआर आता भंगारातही सहसा दिसत नाही. पण एखादा हाती लागला आणि टेप ओढणारी त्याची मोटर उघडली, तर तांब्याच्या वेटोळ्यांमध्ये चार पायांचा, दोन-तीन मिलिमीटरांचा काळा तुकडा सापडतो. समोरून फिरत जाणाऱ्या चुंबकाचा ध्रुव उत्तर आहे की दक्षिण, एवढंच तो सांगतो. जुन्या धाटणीच्या मोटरीत ही वेळ साधायला कार्बनचे ब्रश असत. ते घासत, झिजत, ठिणग्या उडवत. ब्रश काढायचे तर कुठल्या वेटोळ्यात वीज केव्हा सोडायची हे सांगणारं कोणीतरी हवं. ते मोटरीच्या पोटात मावायला हवं, चार-दोन रुपयांत मिळायला हवं आणि वर्षानुवर्षं न कुरकुरता चालायला हवं. व्हीसीआरनंतर फ्लॉपी ड्राइव्ह आली, मग सीडी, मग संगणकाचे पंखे. आज अनेक ई-स्कूटरच्या मोटरींतही याच कामाचे तीन तुकडे बसवलेले असतात.

व्हीसीआरच्या जमान्यातल्या त्या तुकड्याचं काळीज सहसा सिलिकॉनचं नसे. इंडियम आणि अँटिमनी ही दोन मूलद्रव्यं एकास एक प्रमाणात जोडून होणारं इंडियम अँटिमोनाइड त्यात असे. संयुग अर्धवाहक म्हटलं की रडार, उपग्रह, लेसर असल्या महागड्या वस्तू डोळ्यांसमोर येतात. त्याच घराण्यातला एक पदार्थ घाऊक भावानं विकल्या जाणाऱ्या सेन्सरचा कच्चा माल कसा झाला, ही गोष्ट मला त्या रडारपेक्षा जास्त रंजक वाटते.

सुरुवात सोन्यापासून झाली. १८७९ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एडविन हॉल हा विद्यार्थी मॅक्सवेलच्या ग्रंथातल्या एका विधानापाशी अडला होता. चुंबकाजवळच्या तारेतून वीज वाहते तेव्हा जो जोर लागतो तो तारेला लागतो, आतल्या प्रवाहाला नाही, असं मॅक्सवेलचं म्हणणं. हॉलला ते पटेना. त्यानं काचेवर सोन्याचा वर्ख चिकटवला, लांबीच्या दिशेनं वीज सोडली, वर्ख चुंबकाच्या ध्रुवांमध्ये धरला आणि रुंदीच्या दोन काठांमध्ये काही व्होल्टेज उमटतं का ते पाहिलं. उमटलं. वाहणारे विद्युतभार चुंबकामुळे एका काठाकडे रेटले जातात, तिथे साचतात आणि दोन काठांत फरक पडतो. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला तेव्हा अजून १८ वर्षं अवकाश होता.

परिणाम खरा, पण सोन्यात फारच क्षीण. धातूत मोकळे इलेक्ट्रॉन इतके असतात की प्रत्येकानं अगदी सावकाश सरकलं तरी हवा तेवढा प्रवाह पुरा होतो, आणि सावकाश सरकणाऱ्यावर चुंबकाचा जोरही कमीच चालतो. म्हणून उपयोगी सेन्सर करायचा तर इलेक्ट्रॉन थोडे हवेत आणि पळणारे हवेत. थोडे इलेक्ट्रॉन कुठल्याही अर्धवाहकात मिळतात. प्रश्न पळण्याचा.

हा पळण्याचा गुण मोजायला गतिशीलता नावाचं माप आहे: ठरावीक विद्युत क्षेत्र लावल्यावर इलेक्ट्रॉन किती वेगानं जातो. खोलीच्या तापमानाला शुद्ध सिलिकॉनमध्ये ती सुमारे १,४०० चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंद असते. गॅलियम अर्सेनाइडमध्ये ८,५००च्या आसपास. आणि उत्तम स्फटिकरूपातल्या इंडियम अँटिमोनाइडमध्ये ७८,०००च्या घरात, म्हणजे सिलिकॉनच्या पन्नासपटीहून जास्त. या स्फटिकाच्या जाळीत इलेक्ट्रॉन जणू स्वतःच्या वस्तुमानाच्या सत्तराव्या हिश्श्याएवढाच जड असल्यासारखा वागतो. तेवढ्याच धक्क्यानं तो कितीतरी जास्त वेग घेतो.

हे पदार्थ निसर्गात तयार सापडत नाहीत, ते आवर्तसारणी पुढे ठेवून शोधावे लागले. सिलिकॉन आणि जर्मेनियम चौथ्या गटातले. मग तिसऱ्या गटातलं एक आणि पाचव्या गटातलं एक मूलद्रव्य जोडलं तर सरासरी चारच पडेल आणि अर्धवाहक मिळेल, हा विचार जर्मनीत हाइनरिख वेल्कर यांनी पद्धतशीर मांडला. वेल्कर म्युनिकमध्ये सोमरफेल्ड यांच्या हाताखाली तयार झालेले. युद्धानंतर पॅरिसमध्ये हर्बर्ट माटारे यांच्यासोबत त्यांनी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेपासून स्वतंत्रपणे ट्रान्झिस्टर बनवला होता. पुढे ते एर्लांगेनला सीमेन्समध्ये आले आणि १९५२ मध्ये या नव्या अर्धवाहक संयुगांवरचा त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास लेनिनग्राडमध्ये नीना गोर्युनोव्हा आणि त्यांचे सहकारीही याच वाटेवर होते; पाश्चात्त्य इतिहासात त्यांचं नाव तळटीपेत जातं, ते योग्य नाही. सीमेन्सनं लवकरच या पदार्थांचे हॉल सेन्सर विकायलाही काढले. ते उत्तम होते आणि प्रयोगशाळांना परवडतील अशा किमतीचे होते. व्हीसीआरला परवडतील असे नव्हते.

किमतीकडे वळण्याआधी या पदार्थाचा एक मोठा दोष सांगायला हवा, कारण त्यावरचा उपाय फार सुंदर आहे. इलेक्ट्रॉनला बांधलेल्या अवस्थेतून मोकळं व्हायला जी किमान ऊर्जा लागते ती सिलिकॉनमध्ये १.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. इंडियम अँटिमोनाइडमध्ये जेमतेम ०.१७. खोलीतली साधी ऊबही तिथे भरपूर इलेक्ट्रॉन मोकळे करते, आणि तापमान एका अंशानं वाढलं की त्यांची संख्या साधारण दोन टक्क्यांनी वाढते. तापमानाबरोबर असं हेलकावणारं माप काय कामाचं? मोटर चालू झाली की ती तापणारच.

आता समजा सेन्सरमधून ठरावीक, न बदलणारा प्रवाह सोडला. इलेक्ट्रॉन दुप्पट झाले तर तोच प्रवाह पुरा करायला प्रत्येकाला निम्म्याच वेगानं जावं लागेल. वेग निम्मा, चुंबकाचा रेटा निम्मा, मिळणारं व्होल्टेजही निम्मं. म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या संख्येतला प्रत्येक चढउतार थेट मापात उतरतो. पण प्रवाहाऐवजी व्होल्टेज स्थिर ठेवलं तर? मग प्रत्येक इलेक्ट्रॉनवरचं क्षेत्र ठरलेलं, म्हणून त्याचा वेगही ठरलेला. सोबतीला किती जण धावताहेत याच्याशी त्याला देणंघेणं नाही. संख्या दुप्पट झाली तर एकूण प्रवाह वाढेल, पण काठांमधलं हॉल व्होल्टेज जवळपास तिथेच राहील. ते आता फक्त गतिशीलतेवर आणि तुकड्याच्या लांबी-रुंदीवर अवलंबून राहतं, आणि गतिशीलता तापमानानं फार हळू बदलते. पदार्थ तोच, सेन्सर तोच. वीज देण्याची रीत बदलली आणि दोष कितीतरी पटींनी घटला. त्याची किंमत मात्र मोजावी लागते. तापमान वाढलं की प्रवाह वाढतो, प्रवाहानं तुकडा आणखी तापतो, त्यानं प्रवाह आणखी वाढतो. हे चक्र सुटू नये म्हणून तापमान जितकं जास्त तितकं व्होल्टेज कमी ठेवा, असा आलेखच माहितीपत्रकात दिलेला असतो. तो न पाहता जोडणी करणाऱ्याचा सेन्सर जळतो.

आता किंमत. इथे गोष्ट जपानला जाते, आणि तीही कापड आणि रसायनांच्या कंपनीत. असाही कासेई ही कंपनी रेयॉन आणि खतं यांतून मोठी झालेली. तिथे इचिरो शिबासाकी यांनी १९७०च्या दशकात इंडियम अँटिमोनाइडच्या पातळ थरांवर काम सुरू केलं. अडचण उघड होती. चांगला थर वाढवायचा तर खालचा आधारही त्याच जाळीचा हवा, म्हणजे इंडियम अँटिमोनाइडचीच चकती हवी; ती महाग आणि स्वतःच वीजवाहक. सिलिकॉनच्या चकतीवर वाढवावं तर दोन्ही जाळ्यांच्या मापात १९ टक्क्यांचा फरक. स्फटिक दोषांनी भरून जाणार. शिवाय निर्वात पेटीत हे मिश्रण तापवलं की अँटिमनी इंडियमच्या कितीतरी आधी उडून जातं, त्यामुळे एकास एक प्रमाण राखणं हीच कसरत.

त्यांनी आधार म्हणून निवडलं अभ्रक. स्वस्त, पातळ पदरांत सुटणारं, गुळगुळीत. त्यावर निर्वातात दोन्ही मूलद्रव्यांच्या वाफा नियंत्रित प्रमाणात सोडून एक मायक्रॉनच्या आतबाहेरचा थर जमवला. हा थर एकसंध स्फटिक नव्हता, बारीक कणांचा होता. गतिशीलता मिळाली २०,००० ते ३०,०००. उत्तम स्फटिकाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढी. पदार्थविज्ञानाच्या परीक्षेत हा निकाल फारसा शोभला नसता. पण सिलिकॉनच्या तो पंधरा-वीस पट होता, आणि मोटरीला तेवढा पुष्कळ होता. परिपूर्ण स्फटिकाचा हट्ट सोडला तिथेच हा सेन्सर स्वस्त झाला, असं माझं मत आहे.

पुढची युक्ती फेराइटची. अभ्रकावर वाढवलेला पापुद्रा सोलून फेराइटच्या तुकड्यावर चिकटवायचा आणि वरून फेराइटचाच आणखी एक कण बसवायचा. फेराइट आजूबाजूच्या चुंबकीय रेषा स्वतःकडे ओढून घेतं, त्यामुळे मधल्या थरातलं क्षेत्र काही पटींनी वाढतं.

थोडं गणित करून पाहू. गतिशीलता २५,०००, रुंदी लांबीच्या निम्मी, दिलेलं व्होल्टेज एक, आणि चुंबकीय क्षेत्र ५० मिलिटेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या हजारपटीच्या आसपास. मोटरीतल्या चुंबकाजवळ हे सहज मिळतं. हॉल व्होल्टेज येतं सुमारे ६० मिलिव्होल्ट. फेराइटनं तिप्पट केलं तर १८०च्या पुढे. याच मापाच्या सिलिकॉनच्या तुकड्यातून जेमतेम साडेतीन मिलिव्होल्ट मिळतील. १८० मिलिव्होल्ट असले की अगदी साध्या, स्वस्त परिपथाला ध्रुव ओळखता येतो. साडेतीन असले तर आधी चांगला वर्धक लागतो.

आणि मूळ पदार्थ महाग असूनही हे परवडतं कसं? सेन्सरचा ठिपका असतो सुमारे ०.३ मिलिमीटर बाजूचा. १५० मिलिमीटर व्यासाच्या चकतीतून असे दीड लाखाहून जास्त ठिपके निघतात. चकतीची किंमत कितीही वाटली तरी ती लाखोंत विभागली जाते. कच्च्या मालाचा हिशोब तर त्याहून गमतीचा आहे. एका ठिपक्यावरच्या एक मायक्रॉन थरात अर्धा मायक्रोग्रॅमच्या आसपास पदार्थ असतो. एका ग्रॅममध्ये, वाया जाणारं सोडलं तर, पंधरा लाखांहून जास्त सेन्सर होतील. चीननं २०२३ मध्ये गॅलियमच्या आणि २०२४ मध्ये अँटिमनीच्या निर्यातीवर निर्बंध घातले तेव्हा बराच गवगवा झाला. बॅटरी, दारूगोळा आणि अग्निरोधक रसायनं बनवणाऱ्यांना तो प्रश्न खरा आहे. सेन्सरवाल्यांना माल किलोनं लागतो, टनानं नाही. मोठ्या प्रोसेसरच्या धंद्यात संयुग अर्धवाहक सिलिकॉनसमोर टिकले नाहीत, कारण तिथे चिप मोठी आणि स्फटिकाचा एक दोष म्हणजे अख्खी चिप बाद. सेन्सर चिमुकला असल्यामुळे तो हिशोबच पालटतो.

खरा खर्च मग कशात? पाय जोडणं, प्लास्टिकच्या वेष्टनात बंद करणं आणि एकेक नग तपासणं. थराची जाडी आणि गतिशीलता जागोजाग थोडी वेगळी असते, म्हणून एकाच चुंबकाखाली एक नग १७० मिलिव्होल्ट देतो तर दुसरा अडीचशे. ते सगळे मोजून, रत्नागिरीचा हापूस जसा आकारानुसार वेगवेगळ्या पेट्यांत लावतात तसे, श्रेणी लावून विकले जातात. शिवाय चुंबक नसतानाही थोडं व्होल्टेज दिसतंच. समोरासमोरचे दोन पाय केसभर सरकलेले असतात किंवा वेष्टनाच्या प्लास्टिकनं आवळून थरावर ताण दिलेला असतो. संयुग अर्धवाहकाचा सेन्सर विश्वासार्ह करायचा म्हणजे बऱ्याच अंशी या प्लास्टिकचं वागणं समजून घ्यायचं.

सिलिकॉन या काळात झोपलेलं नव्हतं. क्षीण संवेदनशीलतेची भरपाई त्यानं हुशारीनं केली: संवेदक, वर्धक आणि तर्क परिपथ एकाच चिपवर घेतले, आणि प्रवाहाची दिशा सेकंदाला हजारो वेळा काटकोनात फिरवून सरासरी काढायची रीत बसवली. दिशा फिरवली की खरं हॉल व्होल्टेज आणि पायांच्या सरकण्यातून आलेलं खोटं व्होल्टेज वेगळी वागतात, आणि सरासरीत खोटं कटतं. ई-स्कूटरच्या मोटरीतले ते तीन तुकडे आज बहुतेक सिलिकॉनचे असतात. जिथे क्षेत्र क्षीण आणि स्वच्छ संकेत हवा, तिथे संयुगांची सरशी टिकून आहे. उष्णतेची चिंता जास्त असेल तर गॅलियम अर्सेनाइड घेतात. संकेत कमी मिळतो, पण तापमानानं तो फारसा हलत नाही. या दोहोंच्या मध्ये इंडियम अर्सेनाइडचा काही नॅनोमीटरांचा थर, दुसऱ्या संयुगांच्या भिंतींमध्ये कोंडून वाढवलेला. तो अभ्रकावर जमत नाही. त्याला अणूंचे थर एकेक करून रचणारं महागडं यंत्र लागतं. शिबासाकींच्या चमूनं त्या यंत्रालाही घाऊक उत्पादनाला जुंपलं, तेव्हा अनेकांनी भुवया उंचावल्या असतील.

हॉल सेन्सरच्या नशिबात एक फार मोठी सोय आहे, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. चुंबकीय क्षेत्र प्लास्टिकमधून आरपार जातं. त्यामुळे सेन्सरला चहूबाजूंनी बंद करता येतं. दमट हवा, तेल, धूळ, काहीच आत शिरायचं कारण नाही. वायू ओळखणाऱ्या सेन्सरला ही चैन नाही. त्याला उघडंच राहावं लागतं.

टिन ऑक्साइड हेही, व्यापक अर्थानं, संयुग अर्धवाहकच. जपानमध्येच नाओयोशी तागुची यांनी १९६२ मध्ये त्यावर आधारित वायू सेन्सरचं पेटंट मागितलं. घरगुती गॅसच्या स्फोटांनी तेव्हा तिथे लोक हैराण होते. त्याच वर्षी क्यूशू विद्यापीठाचे सेइयामा यांनी झिंक ऑक्साइडच्या थरावरचं काम प्रसिद्ध केलं. टिन ऑक्साइडचे कण तीनशे-चारशे अंशांपर्यंत तापवले की हवेतला ऑक्सिजन त्यांच्या पृष्ठभागावर चिकटतो आणि आतले इलेक्ट्रॉन पकडून ठेवतो, रोध वाढतो. जळणारा वायू आला की तो त्या ऑक्सिजनशी संयोग पावतो, इलेक्ट्रॉन सुटतात, रोध घसरतो. घराघरांत लागणारे गळतीचे अलार्म बहुतांशी याच तत्त्वावर चालतात. (सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून अलार्म जमिनीलगत हवा; मुंबई-पुण्यात नळानं येणारा हलका, म्हणून तो छताजवळ. हे उलटं बसवलेलं सर्रास दिसतं.)

पण पृष्ठभाग उघडा म्हणजे सगळ्यांनाच उघडा. पावसाळ्यातल्या दमट हवेनं मूळ रोधच बदलतो. केसांच्या सिरममध्ये, सीलंटमध्ये, काही पॉलिशमध्ये सिलिकोन असतं. त्याची वाफ तापलेल्या कणांवर जळून वाळूसारखं कवच धरते आणि सेन्सर हळूहळू बहिरा होतो. तो बहिरा झाला हे बाहेरून कळतही नाही, दिवा हिरवाच राहतो. झिंक ऑक्साइड, टिन ऑक्साइड यांच्या थरांवर महाराष्ट्रात, विशेषतः कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात, भरपूर संशोधन झालं आहे. तापलेल्या काचेवर द्रावण फवारून थर करण्याची स्वस्त पद्धत तिथल्या पिढ्यांच्या हातात बसली आहे. या क्षेत्रात जगभर एक खोड मात्र आहे. ताज्या थराचा प्रतिसाद सगळे छापतात. तोच थर वर्षभर स्वयंपाकघरात टांगून मग काय झालं, हे फार थोडे.

म्हणूनच वायूला हात न लावता तो ओळखायची रीत मला जास्त भरवशाची वाटते. कार्बन डायऑक्साइड ४.२६ मायक्रॉनचा अवरक्त प्रकाश शोषतो. एका बाजूनं तो प्रकाश टाकायचा, दुसऱ्या बाजूला किती पोचला ते मोजायचं. सेन्सर अवरक्त आत सोडणाऱ्या झरोक्याआड बंद. इथे इंडियम अँटिमोनाइड पुन्हा कामाला येतं. ज्या अरुंद ०.१७ इलेक्ट्रॉन-व्होल्टमुळे ते तापमानाला हळवं झालं, त्याचमुळे सात मायक्रॉनपर्यंतचा प्रकाश त्याला दिसतो, जो सिलिकॉनला अजिबात दिसत नाही. खोलीच्या तापमानाला उष्णतेनं सुटलेले इलेक्ट्रॉन त्याचा संकेत बुडवतात खरे. त्यावर तोडगा असा की एका चिपवर शेकडो सूक्ष्म डायोड एकामागे एक जोडायचे. प्रत्येकाचं इवलं व्होल्टेज बेरजेत वाढत जातं. प्रकाशासाठीही जुन्या तापणाऱ्या दिव्याऐवजी त्याच घराण्यातल्या पदार्थाचा एलईडी वापरता येतो, जो काही मिलिसेकंद लुकलुकला तरी पुरतो. त्यामुळे असा सेन्सर बॅटरीवर चालवणं शक्य झालं.

एलईडीही म्हातारा होतो आणि त्याचा प्रकाश मंदावतो. सेन्सरला वाटतं, वायू वाढला. यावर उत्पादकांनी काढलेली पळवाट भौतिकशास्त्रातली नाही, गृहीतकातली आहे: आठवडाभरात दिसलेलं सर्वांत कमी माप म्हणजे बाहेरची ताजी हवा असणार, तिला दशलक्षात ४०० भाग धरायचं आणि बाकीचं त्यानुसार सरकवायचं. रात्री रिकाम्या होणाऱ्या वर्गात हे चालतं. चोवीस तास भरलेल्या कॉल सेंटरमध्ये किंवा अळिंबीच्या शेडमध्ये ताजी हवा कधी येतच नाही, तिथे हा सेन्सर दर आठवड्याला स्वतःची चूक पक्की करत जातो. तिथे ही सोय बंदच ठेवावी लागते. शिवाय बाहेरची हवाही ४०० राहिलेली नाही. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर मोजायला घेतली तेव्हा ती ३१५च्या आसपास होती, आता ४२०च्या पुढे गेली आहे. कारखान्यातून जुना आकडा घेऊन निघालेला सेन्सर कायम वीसेक भाग कमी दाखवणार. वर्गाच्या खिडक्या केव्हा उघडायच्या हे ठरवायला, जिथे रेघ हजारावर ओढलेली असते, त्यानं काही बिघडत नाही. पिकानं दिवसभरात किती कार्बन ओढून घेतला हे मोजायला कोणी तोच सेन्सर शेतात लावला, तर त्यानं आधी हा आकडा तपासून घ्यावा.